न आदळता बसणारा धक्का

भरतीच्या वेळी वाशीच्या खाडीपुलाखाली पाणी जोरात आत शिरतं. पुलाच्या खांबावर आपटण्याच्या जरा आधीच ते किंचित फुगतं आणि दोन्ही बाजूंना वळू लागतं. पुढे खांब आहे ही खबर पाण्यातल्या लहरींनी मागे पोचवलेली असते. प्रवाहाचा वेग लहरींच्या वेगापेक्षा कमी असेल तोवरच हे जमतं. प्रवाहच लहरींपेक्षा वेगवान झाला, तर खबर उलट दिशेने जाऊ शकत नाही. मग येणारं पाणी बेसावध राहतं, अडथळ्याच्या अगदी जवळ येऊन एकदम थबकतं आणि तिथे एक तीव्र कड उभी राहते.

पृथ्वीसमोर अशी एक कड कायम उभी आहे. तिला बो शॉक, म्हणजे पुढच्या बाजूला उभा राहिलेला आघाततरंग, म्हणतात. सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, म्हणजे सौरवारा, पृथ्वीजवळ सरासरी सेकंदाला 400 किमी वेगाने येतो, कधी 700 ते 800 किमी वेगानेही. या विरळ प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतून, दाबाची लहर जेवढ्या वेगाने जाऊ शकते, त्याच्या कितीतरी पट हा वेग आहे. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र इथे खांबाचं काम करतं. सूर्याच्या बाजूला साधारण 90,000 किमी अंतरावर सौरवारा एकाएकी मंदावतो, तिपटी-चौपटीने दाटतो आणि प्रचंड तापतो. तिथून आत, सुमारे 65,000 किमीवर, चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाची, खरी सीमा असते. या दोन्हींच्या मधल्या खळबळत्या पट्ट्यातून बहुतेक सारा सौरवारा पृथ्वीला वळसा घालून निघून जातो.

इथपर्यंत खाडीचं उदाहरण साथ देतं. पुढे ते सोडून द्यावं लागतं, आणि मला या विषयाचं खरं नवल तिथेच वाटतं.

पाण्यात किंवा हवेत आघाततरंग तयार होतो, कारण रेणू एकमेकांवर आदळतात. स्वनातीत विमानापुढची हवा दाबली जाते आणि तापते ती या टकरींमुळेच. सौरवाऱ्यात मात्र एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाचेक प्रोटॉन असतात. अशा एका प्रोटॉनची दुसऱ्याशी टक्कर होण्याआधी तो सरासरी 15 कोटी किमीच्या घरात, म्हणजे सूर्य ते पृथ्वी एवढा, प्रवास करील. मग जे कण एकमेकांना शिवतही नाहीत, ते काही शे किलोमीटरच्या पट्ट्यात एकदम थांबतात कसे?

1950च्या दशकात अनेकांना हे अशक्य वाटत होतं. त्याविरुद्धचा एक सुंदर युक्तिवाद खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी मांडला, आणि त्याचा आधार जमिनीवरच्या चुंबकीय नोंदी हा होता. सूर्यावर उद्रेक झाला की एक-दोन दिवसांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येतं. उद्रेकातल्या कणांचे वेग वेगवेगळे असतात. ते सुटे सुटे येत असते तर एवढ्या प्रवासात त्यांची पांगापांग झाली असती आणि वादळ हळूहळू, तासातासांनी चढलं असतं. प्रत्यक्षात चुंबकमापकाची रेषा काही मिनिटांतच उडी मारते. म्हणजे येणाऱ्या लाटेची धार वाटेत बोथट होत नाही. टकरींवाचून आघाततरंग टिकतो, असाच याचा अर्थ.

अशा नोंदी ठेवण्याची परंपरा आपल्या या भागात जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1840च्या दशकापासून चुंबकीय मोजमापं होत होती आणि सप्टेंबर 1859च्या महावादळाची तिथली नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर या नाजूक उपकरणांसाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. 1904 पासून तिथे नोंदी होत आल्या आहेत. ती वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. नवी मुंबईतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ही संस्था आपल्याच गावात आहे हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बो शॉकचं भाकीत 1962 मध्ये अ‍ॅक्सफर्ड आणि केलॉग या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे केलं. नोव्हेंबर 1963 मध्ये उडालेल्या आयएमपी-1 या उपग्रहावर नॉर्मन नेस यांचं चुंबकमापक होतं. त्याने ही कड प्रत्यक्ष ओलांडली.

टकरींचं काम तिथे विद्युत आणि चुंबकक्षेत्रं करतात. आघाताच्या जागी चुंबकक्षेत्र दाटतं. हलके इलेक्ट्रॉन त्याला लगेच जखडतात, तर 1836 पट जड प्रोटॉन आपल्या वेगाने पुढे घुसू पाहतात. या ओढाताणीतून विद्युतक्षेत्र निर्माण होतं आणि ते प्रोटॉनना मागे रेटतं. काही प्रोटॉन चक्क परत फिरतात. चुंबकक्षेत्रामुळे त्यांना शेकडो किलोमीटर त्रिज्येची गिरकी घ्यावी लागते. त्या गिरकीत ते ऊर्जा मिळवतात आणि पुन्हा आघातावर येतात. एका दिशेने जाणारी शिस्तबद्ध गती अशी विस्कटते, आणि विस्कटलेली गती म्हणजेच उष्णता. युरोपच्या क्लस्टर मोहिमेतल्या चार उपग्रहांना एका प्रसंगी असं दिसलं, की इलेक्ट्रॉनांचं जवळपास निम्मं तापणं अवघ्या 17 किमीच्या थरात झालं होतं.

सगळीकडे ही कड इतकी रेखीव नसते. सौरवाऱ्याचं चुंबकक्षेत्र जिथे आघाताला आरपार छेदून जातं, तिथे परत फिरलेले कण त्या रेषा धरून सूर्याच्या दिशेने दूरवर निसटतात आणि येणाऱ्या वाऱ्यात लहरी उठवतात. पृथ्वीच्या सकाळच्या बाजूला हे जास्त घडतं. लहरी जी खबर नेऊ शकत नाहीत, ती हे मूठभर कण नेतात.

सौरवारा जोरात आला की कडही पृथ्वीकडे ढकलली जाते. 10 मे 2024 रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास, सूर्याकडून आलेला आघात चुंबकावरणावर येऊन थडकला. ते दाबलं गेलं, त्याच्या सीमेवरचे विद्युतप्रवाह वाढले आणि जगभरच्या चुंबकमापकांच्या रेषांनी उडी घेतली. त्याच रात्री लडाखमधल्या हानलेहून आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. आपलं आदित्य-एल1 हे यान 6 जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किमीवरच्या एल1 बिंदूपाशी, म्हणजे बो शॉकच्या पुष्कळ पलीकडे आहे. तिथून निघालेला नेहमीचा सौरवारा पृथ्वीपर्यंत यायला तासभर घेतो. तेवढी पूर्वसूचना मिळते.

बो शॉक हे पृथ्वीचं कवच आहे, असं बऱ्याचदा वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. शुक्र आणि मंगळ यांना पृथ्वीसारखं चुंबकक्षेत्र नाही, तरी त्यांच्यासमोर बो शॉक आहे; तिथे वातावरणाचा आयनीभूत थर अडथळा होतो. मंगळाची हवा तरीही अवकाशात निसटत राहिलीच. चंद्रासमोर मात्र बो शॉक नाही, कारण सौरवारा थेट त्याच्या मातीत मुरतो. सगळा मुरत नाही: चांद्रयान-1 वरच्या ‘सारा’ (SARA) नावाच्या उपकरणाने दाखवलं, की येणाऱ्या प्रोटॉनांपैकी जवळपास पाचवा हिस्सा विद्युतभार गमावून हायड्रोजन अणूंच्या रूपात परत उडतो.

ताऱ्यांचे बो शॉक मात्र थेट चित्रात दिसतात. मे महिन्यात रात्री दहानंतर ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला उभं राहून ज्येष्ठा हा लाल तारा शोधा. त्याच्या उत्तरेला साधारण 16 अंशांवर भुजंगधारी तारकासमूहातला झीटा हा तारा आहे. वस्तुमानाने सूर्याच्या सुमारे 20 पट. त्याचा जोडीदार तारा स्फोट होऊन नष्ट झाला आणि हा भिरकावला गेला, असं मानलं जातं. त्याच्या वाऱ्याने पुढच्या धुळीची कमान रचली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त चित्रात लखलखते.

सूर्यही आकाशगंगेतल्या वायूतून चालला आहे. त्याच्यापुढेही असा आघात असणार, असं अनेक वर्षं धरून चाललं होतं. 2012 मध्ये आयबेक्स उपग्रहाच्या मोजमापांतून सूर्याचा वेग सेकंदाला 26 नव्हे, तर 23 किमीच्या आसपास निघाला. तेवढ्या फरकाने चित्र बदललं: या वेगाला आघात न होता नुसती फुगवट्याची लाट राहील, असं त्या संशोधकांनी मांडलं. काहींना ते पटलेलं नाही. सौरवारा आणि आकाशगंगेतला वायू जिथे भेटतात त्या सीमेकडून येणारे अणू आणखी बारकाईने मोजण्यासाठी नासाचं आयमॅप यान सप्टेंबर 2025 मध्ये निघालं, तेही आदित्य जिथे आहे त्या एल1 बिंदूकडेच.