ऑटोमॅटिक गाडीखाली लाल डाग दिसला तर

सकाळी गाडी काढली आणि फरशीवर लालसर डाग दिसला, की ग्राहक घाबरून विचारतात, "गिअरबॉक्स गेला का हो?" बहुतेक वेळा गेलेला नसतो. पण डागाकडे काणाडोळा केला तर नक्की जाऊ शकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल, म्हणजे एटीएफ, नुसतं वंगण नसतं. इंजिनची ताकद पुढे पोचवणं, दाबाने क्लच पकडणं, उष्णता वाहून नेणं ही कामंही तेच करतं. आणि ते इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली, तर तेल कुठून तरी बाहेर गेलेलंच असतं. म्हणून जागा न शोधता नुसतं टॉप-अप करून देणं आम्हाला पटत नाही.

आधी डाग कशाचा ते बघा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून त्यावर पुढच्या चाकांची जागा आखून ठेवा. एसीचं पाणी नितळ आणि बिनवासाचं असतं; पावसाळ्याच्या दमट हवेत नागपुरात ते भरपूर टपकतं, त्याची काळजी नको. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं. ते विषारी असतं, मुलांना आणि कुत्र्यामांजरांना दूर ठेवा. नवं एटीएफ लाल असतं, जुनं होताना तपकिरी होतं. मात्र रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही लाल तेल असतं, काही सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक) गाड्यांचं तेल हिरवट असतं. एएमटीचा, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या गाडीचा, गिअरबॉक्स तर आतून मॅन्युअलच असतो, त्याचं तेल वेगळं. तेव्हा फोनवर गाडीचं मॉडेल आणि वर्ष जरूर सांगा.

खरी अडचण जागा शोधण्यात आहे. गाडी पळताना वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधावी लागते. इंजिनच्या वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलं, की तेल ओघळत गिअरबॉक्सवर येतं आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. म्हणून आम्ही गाडी लिफ्टवर घेऊन खालचा भाग धुतो, हवेने कोरडा करतो, पंधरा-वीस किलोमीटर चालवतो आणि मग टॉर्च लावून बघतो. तरीही जागा सापडली नाही, तर तेलात चमकणारा रंग टाकून निळ्या दिव्याखाली तपासतो.

ऑइल पॅनचं पॅकिंग, ड्रेन बोल्ट, कूलरचे पाइप, एक्सलचे सील ही नेहमीची ठिकाणं. काम तुलनेने सोपं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल, तर मात्र नीट बघावं लागतं. तिथून टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) सीलही गळतं आणि इंजिनचं मागचं सीलही. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्च मोठा. त्यामुळे तेल कोणतं आहे हे पक्कं झाल्याशिवाय आम्ही बोल्ट खोलत नाही, आणि खोलण्याआधी तुम्हाला फोटो दाखवतो.

कधी सील चांगलंच असतं, तेल जास्त भरलेलं असतं. फेस होऊन ते ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा सोडणाऱ्या छिद्रातून, बाहेर येतं. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते. अशा बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, गाडीच्या कंपनीने दिलेल्या तापमानाला तेल आल्यावरच पातळी बघायची असते. थंड गाडीत अंदाजाने भरलं की घोळ होतो.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या आम्ही वापरत नाही. त्या रबर फुगवतात, दिवस पुढे ढकलतात. इथल्या उन्हात वर्षानुवर्षं तापून कडक झालेलं सील बदलणंच बरं.

डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा उठत असेल, आरपीएम चढून वेग वाढत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधासारखं काही दिसलं, तर इंजिन चालूच करू नका; रेडिएटरमधला कूलर फुटून दोन्ही द्रवं मिसळलेली असू शकतात. ओढून आणताना इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती जमिनीवर नकोत. गाडी सपाट ट्रकवर चढवून आणणं सगळ्यात सुरक्षित.

येताना खालून गाडी धुऊन आणू नका, ओघळाची दिशा आम्हाला बघायची असते. आधी कोणतं तेल भरलं त्याचं बिल असेल तर सोबत ठेवा.