लाल दिवा लागला की आधी फोन करा, स्विचला हात नंतर

"मशीन अडकलं होतं, बंद करून चालू केलं, आता ठीक आहे. तरी एकदा येऊन बघून जा." आम्ही बसवलेल्या आणि सांभाळत असलेल्या व्हॉइस मेल मशीनबद्दल, म्हणजे फोन उचलला नाही तर निरोप साठवून ठेवणाऱ्या मशीनबद्दल, दापोलीपासून मालवणपर्यंतच्या आमच्या ग्राहकांकडून सर्वात जास्त येणारा फोन हाच. लॉजवाले, आंबा बागायतदार, दवाखाने, पतपेढ्या, कुणीही त्याला अपवाद नाही. व्हॉइस मेल रोज कसा वापरायचा हे आपल्याला ठाऊक आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. हे पत्रक मुख्यतः त्या बंद-चालूबद्दल आहे.

बिघाडाचा लाल दिवा लागतो तेव्हा मशीन एक नोंद करतं: कोणता भाग, किती वाजता, याआधी किती वेळा. आपल्याकडे बसवलेल्या लहान मॉडेलांत ही नोंद तात्पुरत्या मेमरीत राहते. वीज तोडली की ती पुसली जाते. मग आमचा माणूस दीड-दोन तासांचा प्रवास करून येतो तेव्हा समोर हिरवा दिवा आणि कोरी यादी. पॉवर सप्लाय, पंखा, डिस्क, लाइन कार्ड (टेलिफोन लाइन जिथे जोडतात तो भाग), बॅटरी असं एकेक तपासत बसावं लागतं. नोंद असती तर जे काम अर्ध्या तासात झालं असतं, त्यात दिवस जातो. बरं, मूळ दोष तसाच असतो, त्यामुळे दिवा पुन्हा लागतोच.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. कुणी निरोप ठेवत असताना वीज तोडली, तर निरोप अर्धवट लिहिला जातो आणि मेलबॉक्सची, म्हणजे प्रत्येकाच्या निरोपांच्या कप्प्याची, यादी व प्रत्यक्ष निरोप यांचा मेळ तुटतो. "टेबलावरच्या फोनचा मेसेजचा दिवा लुकलुकतोय, ऐकायला गेलं तर एकही मेसेज नाही," ही तक्रार बहुतेक वेळा अशा बंद-चालूनंतरचीच असते.

मालवणजवळच्या एका लॉजवर ऐन मे महिन्यात लाल दिवा लागला. काउंटरवरच्या मुलाने एमसीबी पाडून पुन्हा चढवला, दिवा गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी मशीनला हात न लावता फोन केला. यादीत तापमानाचा अलार्म दुपारी बारा ते चारच्या दरम्यान ओळीने दिसत होता. पॉवर सप्लायचा पंखा धूळ आणि खाऱ्या ओलाव्याने जाम झाला होता. मशीन बंद ठेवलं की थोडं थंड व्हायचं, म्हणून "ठीक" वाटायचं. पंखा बदलायला दहा मिनिटं लागली.

म्हणून दिवा लागला की मशीनच्या पॅनेलचा मोबाइलवर फोटो काढा, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा आणि फोन करा. एवढंच. जळका वास, धूर किंवा छपरातून मशीनवर पाणी, यांपैकी काही असेल तर मात्र कुणाला विचारत बसू नका, मेन स्विच लगेच पाडा. वळवाच्या पावसात विजा सुरू होण्याआधी मशीन बंद ठेवायचं असेल, तर आधी मेनूतून शटडाउन द्या, दिवे विझू द्या, मग वीज काढा आणि टेलिफोन लाइनची पिनही काढा. लाइनच्या तारेतून येणारा झटका लोक विसरतात.

पिवळा दिवा बहुधा जागेचा असतो. साठवण ८० टक्के भरली की तो लागेल असं आम्ही लावून ठेवतो. साध्या टेलिफोन दर्जाचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट जागा घेतो, म्हणजे मिनिटाला साधारण ४८० किलोबाइट. १ जीबीत जेमतेम ३५ तास बसतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स चालूच राहतो आणि त्यात निरोप साचत जातात. जागा संपली की आंब्याच्या पेटीसाठी मुंबईहून फोन करणाऱ्याला निरोप ठेवताच येत नाही, आणि तो दुसऱ्या बागेचा नंबर लावतो. सोडून गेलेल्यांची नावं आम्हाला कळवा, मेलबॉक्स आम्ही इथूनच बंद करतो. आणि पासवर्ड म्हणून एक्स्टेन्शनचाच नंबर किंवा १२३४ ठेवू नका. बाहेर कॉल जोडून देण्याची सोय चालू असेल, तर अशा मेलबॉक्समधून परक्याने केलेल्या परदेशी कॉलचं बिल आपल्याला येतं.

"सगळं चालतंय, तरी दर तीन महिन्यांनी येता कशाला?" असं बरेच जण विचारतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तो कळण्याआधीच साफ करावा लागतो. बॅटरी नुसती मोजली तर १२ व्होल्टच्या वर दाखवते आणि लाइट गेल्यावर पाच मिनिटांत बसते, म्हणून आम्ही ती लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष भार देऊन, तपासतो. जांभ्या दगडात अर्थिंग मुळात कठीण, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. ते ५ ओहमच्या आत आणण्यासाठी आम्ही धडपडतो. एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतलंत तर मोठी मदत होईल. मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा आतला बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ चुकतं आणि भर दुपारी गिऱ्हाइकाला "ऑफिस बंद आहे" ऐकू येतं. ही चारही कामं बिघाड व्हायच्या आधीच करायची असतात, आणि वार्षिक करारात सेलची किंमत धरलेली आहे.

रात्री अडीचच्या सुमारास येणारा कॉल आमचाच. आमचं मशीन आपल्या मशीनला फोन लावतं, स्वागताचा आवाज येतो का पाहतं, चाचणीचा निरोप ठेवून परत ऐकतं आणि पुसतं. कुठे अडलं तर सकाळी आपण दुकान उघडण्याआधी आम्हाला कळलेलं असतं. करारातल्या ग्राहकांना ही सोय वेगळ्या पैशांशिवाय मिळते. इतरांनाही घेता येईल, ऑफिसात विचारा.

पावसाळ्याआधीच्या फेऱ्या शिमगा झाला की सुरू होतात. मे महिन्यात आपल्याकडे पर्यटक आणि आंबा, दोन्हींची गर्दी असते, तेव्हा मशीन तासभर बंद ठेवणं आपल्यालाच जड जातं. सोयीची तारीख मार्चअखेरपर्यंत कळवा.