एचपी आणि ओढ: वॉटर स्कीइंगच्या बोटीचे मशीन निवडताना

बामणोलीच्या काठावर बोटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मशीन किती एचपीचे आहे? २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, वेगवान बोटींविषयीचे कुतूहल वाढले आहे, आणि स्वतःची बोट घेऊन तिच्यामागे स्की ओढण्याचा (पायांना लांब फळ्या बांधून, बोटीचा दोर धरून पाण्यावर घसरत जाण्याचा) विचार करणारी मंडळीही भेटू लागली आहेत. त्यांच्या बोलण्यात एचपी आणि ओढ हे शब्द एकाच अर्थाने येतात. प्रत्यक्षात ही दोन वेगळी मापे आहेत, आणि स्कीइंगमध्ये त्यांची गल्लत जितकी महागात पडते तितकी साध्या जलविहारात पडत नाही.

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की एक एचपी काम झाले. यात वजन आहे आणि वेगही आहे. ओढीत मात्र वेगाचा संबंध नाही. दोराला किती किलोचा ताण बसला, एवढेच ती सांगते. ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. भरलेली मोट पाण्यातून सुटते त्या क्षणी नाडा ताठ झालेला असतो, बैलांच्या मानेवर सगळा भार आलेला असतो, पण त्यांचे पाऊल जेमतेम पुढे पडत असते. त्या क्षणी ओढ सर्वांत जास्त आणि एचपी मात्र जवळजवळ शून्य असते. पुढे बैल धावेवरून उतरू लागले की ओढ फारशी न वाढता केवळ वेगामुळे एचपी वाढत जाते.

स्कीइंगचेही असेच आहे. मध्यम वजनाचा माणूस दोन स्कींवर उभा राहून सरळ रेषेत जात असेल, तर दोरावरची ओढ सुमारे ३० किलो धरावी. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ३० गुणिले १० भागिले ७५, म्हणजे फक्त ४ एचपी. बोटीला ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) कार्यक्षमता निम्मी धरली तरी मशीनवर ८ एचपीचा बोजा पडतो. हा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, आणि चाळीसचे मशीन सहज पुरेल अशी त्यांची खात्री होते.

हिशोब चुकलेला नाही. तो चुकीच्या क्षणाचा आहे. स्की करणारा सुरुवातीला गुडघे छातीशी घेऊन, स्कींची टोके पाण्याबाहेर ठेवून बसलेला असतो. बोट निघते तेव्हा त्याचे अर्धे शरीर नांगरासारखे पाणी कापत असते आणि दोरावरची ओढ काही सेकंदांपुरती कित्येक पट वाढते. नेमक्या त्याच वेळी बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचललेली, मागचा भाग पाण्यात रुतलेला आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत असते. हा चढ ओलांडून बोट पाण्याच्या पृष्ठभागावर आली की तिचा स्वतःचा भार हलका होतो. म्हणजे स्की करणाऱ्याला आणि बोटीला सर्वाधिक ओढ एकाच वेळी, अगदी कमी वेगात लागते. मशीनवर लिहिलेला एचपीचा आकडा मात्र मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्यांवरचा असतो. दोन-अडीच हजार फेऱ्यांवर अडकलेल्या मशीनकडून ती ताकद मिळतच नाही.

आपल्या भागातील उसाच्या हंगामात हा फरक रोज रस्त्यावर दिसतो. ४५ एचपीचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो. तेवढ्याच एचपीच्या मोटारसायकलला एक रिकामी ट्रॉलीही हलवता येणार नाही. एचपी सारखीच असली तरी ट्रॅक्टरने गिअर, जड चाके आणि स्वतःचे वजन यांच्या साह्याने वेग सोडून ओढ मिळवलेली असते. आउटबोर्ड मशीनला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या मशीनला, पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढेच असते. बदलता येईल असा गिअर नसतो. ते काम पंख्याच्या पिचला करावे लागते. पंखा एका फेरीत, पाण्यात अजिबात न घसरता, जितका पुढे सरकेल ते अंतर म्हणजे पिच, आणि ते इंचांत मोजतात. पिच जास्त असली तर वेग मिळतो, पण सुरुवातीला मशीन दबते. पिच कमी असली तर मशीन मोकळे फिरते आणि ओढ लवकर मिळते. एक इंच पिच कमी केली की पूर्ण थ्रॉटलवर साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

माझ्या परिचयातील एका बोटीवर ६० एचपीचे मशीन आणि १५ इंच पिचचा पंखा होता. रिकाम्या बोटीचा वेग उत्तम होता, पण ऐंशी किलोचा माणूस पाण्यातून काही केल्या उठेना. थ्रॉटल पूर्ण दाबलेला, नाळ आभाळाकडे, दोर थरथरत असलेला. आठ-दहा सेकंद तोंडावर पाणी घेऊन तो बिचारा दोर सोडून द्यायचा. विक्रेत्याने ७५ एचपीचे मशीन घेण्याचा सल्ला दिला. टॅकोमीटर (फेऱ्या दाखवणारे मीटर) पाहिला तेव्हा कळले की पूर्ण थ्रॉटलवर, तेही रिकाम्या बोटीत, मशीन ४८०० फेऱ्यांपुढे जात नव्हते; कंपनीच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिले होते. १३ इंचांचा पंखा बसवल्यावर फेऱ्या ५२०० च्या आसपास गेल्या आणि तोच माणूस दुसऱ्या प्रयत्नात उभा राहिला. वरचा वेग थोडा घटला, पण शिकाऊ माणसाला ताशी २५ ते ३५ किलोमीटर पुरतात. स्पर्धेतील पुरुषांच्या स्लॅलमलाही (एका स्कीवर वळणे घेत जाण्याच्या प्रकारालाही) कमाल ५८ लागतात. त्यापुढचा वेग स्कीइंगच्या कामाचा नाही, आणि त्यासाठी ओढ गमावणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मग ओढच सर्वस्व आहे का? तसेही नाही. तापोळ्याकडे जाणाऱ्या जड डिझेल लाँचकडे ओढ भरपूर असते. मोठा पंखा, संथ फेऱ्या, प्रवाशांनी भरलेली बोट सहज नेते. पण अशी बोट पाण्यावर चढत नाही, पाणी बाजूला सारत जाते. नऊ मीटर लांबीच्या अशा बोटीचा वेग ताशी साधारण १३-१४ किलोमीटरच्या पुढे जाणे कठीण असते, आणि त्या वेगात स्की तरंगत नाही. ओढीला वेगाची जोड हवी, आणि ती जोड द्यायला एचपी लागतेच.

ती किती, हे वजनावरून काढावे. साध्या आउटबोर्ड बोटीला पाण्यावर चढण्यासाठी दर एचपीमागे ११ ते १८ किलो वजन चालते, असा ढोबळ नियम आहे. स्कीइंगसाठी ११ च्या जवळ राहिलेले बरे. पाच मीटरची बोट ५५० किलो, मशीन आणि इंधन मिळून २०० किलो, चालक, मागे पाहणारा निरीक्षक आणि आणखी एक जण मिळून २१० किलो, अशी एकूण ९६० किलो धरा. ५० एचपीवर दर एचपीमागे १९ किलो येतात. हे कमीच पडणार. ९० एचपीवर ते ११ च्या खाली येतात. शिवाय शिवसागर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद घटते, म्हणजे पन्नासचे मशीन तिथे जेमतेम सत्तेचाळीसचे राहते. बोटीच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल एचपीच्या वर मात्र कोणत्याही कारणाने जाऊ नये. मशीन ज्यावर बसते त्या मागच्या फळीला तेवढाच भार पेलतो.

खरेदीपूर्वी मी एकच चाचणी सुचवेन. बोटीत रोज बसणार असतील तेवढी माणसे बसवा, टाकी भरा, आणि सर्वांत वजनदार शिकाऊ माणसाला पाण्यातून उठवून पाहा. थ्रॉटल दाबल्यापासून तो उभा राहीपर्यंतचे सेकंद मोजा. पाच-सहाच्या आत काम झाले तर मशीन पुरेसे आहे. नंतर स्की करणाऱ्याशिवाय, हलक्या बोटीत, पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्या पाहून ठेवा. त्या कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खाली राहिल्या तर पिच कमी करा. वर गेल्या तर वाढवा. हीच बोट उद्या घाट उतरून तारकर्लीला नेली, तर दाट हवेत मशीनची ताकद वाढेल आणि शिवसागरासाठी बसवलेला लहान पिचचा पंखा फेऱ्या मर्यादेबाहेर नेईल, म्हणून जास्त पिचचा दुसरा पंखा सोबत ठेवावा.