देवदर्शन झाले, आता मुलांना कुठे न्यायचे?
(फोंड्यात आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे उतरणारी बहुतेक कुटुंबे कुलदैवताच्या ओढीने येतात. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबईहून आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे एकाच गाडीतून येतात. पहिल्या दिवशी अभिषेक होतो, महाप्रसाद होतो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी प्रश्न निघतो, उद्या काय? बहुतेकांच्या मनात कळंगुट-बागा असते. अवश्य जा, पण तिथे जाऊन-येऊन निम्मा दिवस गाडीत जातो. मुले कुरकुरतात, आजोबांचे पाय सुजतात आणि किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते. उलट फोंड्यापासून अर्ध्या-पाऊण तासात पाहण्यासारखे इतके आहे की चार दिवसांतही ते संपणार नाही. त्यासाठी हे पत्रक.

विनंती एकच. दिवसाला दोनच ठिकाणे ठरवा. एक सकाळी उन्हे चढण्याआधी, मग जेवण आणि विश्रांती, दुसरे चारनंतर. तिसरे ठिकाण यादीत घातले की पहिल्या दोन्हींची मजा जाते, आणि त्या घाईचा त्रास घरातल्या सर्वांत लहानाला आणि सर्वांत मोठ्याला होतो.

देवळे मुलांनाही आवडतात, फक्त गोष्ट सांगा

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, बांदोडा ही नावे तुम्हाला घरातूनच ठाऊक असतात. पण इतकी मोठी दैवते एका तालुक्यात जवळजवळ कशी, हे मुलांना सहसा कोणी सांगितलेले नसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे आणल्या. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश 1560 मध्ये कुशस्थळीहून झुवारी ओलांडून आला. म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून आला. पुढे 1763 मध्ये फोंडाही पोर्तुगीजांकडे गेला, पण तोवर काळ बदलला होता आणि देवळे टिकली. देव पालखीत बसून नदी ओलांडतो आहे, हे चित्र सात-आठ वर्षांच्या मुलाला लगेच कळते. मग तो देऊळ वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

मंगेशीला सकाळी लवकर जा. सात मजली दीपमाळ आणि तळी मुलांना निवांत बघू द्या. सोमवारी पालखी असते, गर्दीही असते. मंगेशकर घराण्याचे नाव याच गावावरून आले, हे आजी-आजोबा आपणहून सांगतीलच. तिथून म्हार्दोळ अगदी जवळ आहे. पावसाळ्यात जाईचा बहर असतो, तेव्हा म्हार्दोळच्या जायांचा गजरा घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्या वासाची दुसरी जाई आम्हाला तरी माहीत नाही.

कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळातले आहे. महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले, साल 1738. शिव आणि विष्णू यांच्या भांडणात मध्ये उभी राहून दोघांना शांत करणारी ही देवी. घरात दोन भावंडे असतील तर ही गोष्ट जरूर सांगा.

आमचे मत विचाराल तर मुलांसाठी सर्वांत चांगले देऊळ बांदोड्याचे नागेशी. हा देव कुठून आणलेला नाही, तो मूळचा इथलाच. इथला शिलालेख 1413 सालचा आहे. सभामंडपात वरच्या बाजूला लाकडात कोरलेली रामायणातली दृश्ये आहेत, रंगवलेली. मुलांना मान वर करून एकेक प्रसंग ओळखायला लावा, अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. समोरच्या तळीत मासे आहेत. गर्दी मंगेशीपेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळे आजीलाही बसायला जागा मिळते.

देवळांत अर्ध्या चड्डीत किंवा बिनबाह्यांच्या कपड्यांत मोठ्यांना आत सोडत नाहीत. गाडीत एक उपरणे किंवा ओढणी ठेवा. गाभाऱ्याचे फोटो काढू नका.

देवळांच्या फेरीत शहराजवळची साफा मशीदही धरा. अली आदिलशहाने बांधलेली ही मशीदही 1560 चीच आहे, म्हणजे मंगेश नदी ओलांडून आला त्याच वर्षाची. देवांना आसरा मिळाला तो मुलूख कोणाचा होता, हे इथे उभे राहिले की समजते. वास्तू छोटी आहे, पण शेजारची चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, तळी आणि तिच्या भिंतींतल्या कमानी सुरेख आहेत. तळीच्या काठावर मुलांचा हात धरा.

कुळागरात अर्धा दिवस

कुर्टी, केरी आणि सावईवेरे इथल्या मसाल्याच्या बागा पर्यटकांना खुल्या आहेत. शुल्कात बहुधा बाग दाखवणे आणि केळीच्या पानावरचे जेवण दोन्ही येते, पण निघण्याआधी आम्हाला विचारा, त्या दिवसाचा दर फोन करून सांगू. या बागा मुळात गोव्याची जुनी कुळागरे आहेत. उंच पोफळी, त्यांच्या आधाराने चढलेली मिरवेल, खाली केळी, अननस, वेलची, जायफळ, आणि झऱ्याचे पाणी पाटाने सगळ्यांना. एकाच जमिनीत तीन-चार उंचीची पिके कशी वाढतात, हे शाळेच्या पुस्तकातून कळत नाही. जायफळाचे फळ फोडून आतली लाल जायपत्री दाखवली की मुले थक्क होतात. व्हॅनिलाच्या फुलाचे परागीभवन इथे हाताने करावे लागते, कारण ते काम करणारी मेक्सिकोतली मधमाशी आपल्याकडे नाही. पोफळीच्या शेंड्यावरून शेजारच्या पोफळीवर झोका घेऊन जाणारा गडी हा तर मुलांच्या दृष्टीने दिवसाचा नायकच.

सावईवेऱ्याला गेलात तर अनंताचे देऊळ बघा. केरीला गेलात तर विजयादुर्गेचे. प्रियोळला फुलपाखरांची बाग आहे, तिथे पाऊस ओसरल्यावर जावे, कडक उन्हाळ्यात नव्हे.

मार्च-एप्रिलमध्ये आलात तर रस्त्याकडेला काजूची बोंडे आणि त्यांचा ताजा रस, म्हणजे नीरो, दिसेल. बोंडाचा डाग कपड्यावरून निघत नाही, मुलांना जुने कपडे घाला.

मगरी

हे वाचून अनेक पाहुणे आधी दचकतात. मांडवी आणि झुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा इथून जवळच आहे आणि त्यात मगरी आहेत. मगर ही खरी गोड्या पाण्यातली. इथे ती खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात, खारफुटीत राहते, ही नवलाची गोष्ट. बोटीतून सुरक्षित अंतरावरून त्या दिसतात. त्यासाठी ओहोटीची वेळ लागते, कारण तेव्हा चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हाला येऊन पडतात. भरतीच्या वेळी गेलात तर पाणी आणि झाडेच बघून परत याल. म्हणून आदल्या दिवशी आम्हाला सांगा, भरती-ओहोटीची वेळ बघून बोट ठरवता येईल. दिसतीलच अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, पण थंडीच्या दिवसांत सकाळी संधी चांगली असते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहानांच्या मापाचेही, मिळाल्याशिवाय बोटीत बसू नका.

याच पट्ट्यातल्या दुर्भाटसारख्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला मानगे थापणी म्हणतात. अंगावर शिंपल्यांचे खवले, पुढे नैवेद्य. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचे, बांध आणि त्या बांधांपलीकडच्या पाण्यातली मगर, दोघांशी जुळवून घेत जगलेल्या माणसांची ही पूजा आहे. त्या सुमारास इथे असाल तर ती पाहा, मात्र घरच्या कार्यात गेल्यासारखे जा. आधी विचारावे, मग फोटो काढावा.

फेरीबोट

मुलांना सर्वांत जास्त आवडणारी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे फेरीबोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जा, पिएदादच्या टेकडीवरून मांडवी बघा आणि परत या. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर. तिथून नदीपलीकडे नार्व्याला गेलेल्या या देवाचे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतले. वेळ असेल तर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जरूर जा, मराठी माणसाचे पाय तिथे आपोआप थबकतात.

रायबंदरहून दुसरी फेरी चोडणला जाते. तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे, सगळी खारफुटी. होडीतून आत फिरायला भरती हवी, म्हणजे मगरींच्या अगदी उलट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात. लहान मुलांना पक्ष्यांपेक्षा चिखलातले एका मोठ्या नांगीचे खेकडे आणि उड्या मारणारे मासे आवडतात, तेच बघू द्या.

जुन्या गोव्यात बॉम जेझस आणि से कॅथेड्रल ही दोन चर्चे समोरासमोर आहेत, दोन्ही आतून शांतपणे बघा. सेंट ऑगस्टीनचा 46 मीटर उंच मनोरा मात्र मुलांना जास्त आवडतो. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, दुपारनंतर जा. 24 नोव्हेंबरपासून 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत, म्हणजे सणापर्यंत, इथे मोठी गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही.

जंगलाकडे

बोंडला अभयारण्य अवघे 8 चौरस किलोमीटर आहे. छोटे प्राणिसंग्रहालय, सावलीच्या वाटा आणि बसायला जागा, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलांना झेपते. गुरुवारी बंद. वाटेत खांडेपारला चिऱ्यात कोरलेली जुनी लेणी आहेत. पावसात वाट निसरडी होते, तेव्हा टाळा.

तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ थोडे दूर आहे, तरी जा. कदंब राजांच्या काळातले, काळ्या दगडाचे, जंगलात एकटे उभे. त्या काळातले जवळजवळ सगळे गेले, हे राहिले. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळच्या उन्हात ते सर्वांत छान दिसते. मोबाईलला तिथे रेंज मिळत नाही, पाणी आणि खाऊ बरोबर घ्या, आणि कचरा परत आणा. दूधसागरसाठी कुळ्याहून जीप घ्यावी लागते आणि रस्ता फार हादरवतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांनी न गेलेले बरे.

पावसाळ्यात आलात तर

साखळीजवळचा हरवळ्याचा धबधबा तेव्हा पूर्ण भरात असतो, शेजारी पांडवांची लेणी आणि रुद्रेश्वर. लांबून बघा. धबधब्यांत आणि पाणी भरलेल्या खाणींत उतरायला पावसाळ्यात प्रशासनाची बंदी असते आणि ती योग्यच आहे. सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणी वरून शांत तळ्यासारख्या दिसतात, पण कडा सरळ तुटलेली असते आणि तळ खोल. दरवर्षी तरुण मुले बुडतात. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे तुम्ही स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगा. कोणीही चांगली जागा म्हणून दाखवली तरी उतरायचे नाही.

पावसाळ्यातली आमची सर्वांत आवडती गोष्ट माशेलला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो. अंगाला तेल लावून गावातली लहानथोर माणसे चिखलात जुने खेळ खेळतात. त्या देवळात बाळकृष्ण आईसोबत, देवकीसोबत आहे. अशी मूर्ती फार कमी ठिकाणी दिसते. मुलांना चिखलात उतरायचे असेल तर उतरू द्या. परत आल्यावर मागच्या अंगणात नळ आहे, गरम पाण्याची बादली आम्ही देऊ. चतुर्थीच्या दिवसांत माशेल-खांडोळ्याच्या कल्पक गणेशमूर्ती आणि कुंभारजुव्याचा सांगोड, म्हणजे होड्या जोडून त्यावर केलेले देखावे, हेही लक्षात ठेवा.

समुद्र हवाच असेल तर

चारनंतर मिरामारला जा. जवळच गोवा विज्ञान केंद्र आहे, तिथली हाताळायची उपकरणे मुलांना खूप आवडतात. आधी केंद्र, मग वाळू. लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका, आणि जीवरक्षकांची वेळ संपली की पाण्याबाहेर या.

आमच्याकडून

पहाटे निघणार असाल तर रात्री नऊपर्यंत सांगा, बन्स किंवा पाव-भाजीचा डबा बांधून ठेवू. मुलांना तिखट चालत नसेल तर तेही सांगा, पातळ भाजी सौम्य करता येते. आजी-आजोबांना एखाद्या दिवशी घरीच राहायचे असेल तर दुपारी त्यांना खतखते (मिश्र भाज्यांची आमटी)-भात किंवा पेज मिळेल, तुम्ही निर्धास्त जा. छत्र्या दाराजवळच्या कोपऱ्यात आहेत, न विचारता घ्या.

निघण्याच्या दिवशी खोली सोडल्यावरही सामान आमच्याकडे ठेवता येते. मडगावहून संध्याकाळची रेल्वे असेल तर बोरीच्या पुलावर वाहने अडकतात हे धरून चाला आणि गाडीच्या वेळेआधी दोन तास इथून निघा.