पियानोची टकटक: स्क्रू सैल झालाय की पिन?

पियानो सुरात आहे, स्वर छान लागतोय, पण ठरावीक की दाबली की स्वरासोबत एक कोरडा लाकडी "टक्" येतो. हळू वाजवताना तर फारच खुपतो, कारण जोरात वाजवलं की तो स्वराखाली दबून जातो. लोक लगेच धसका घेतात की अ‍ॅक्शन (की दाबल्यावर तार वाजवणारी आतली यंत्रणा) गेली, आता सगळं बदलावं लागणार. थांबा, आधी नीट बघा. हा टक् पुष्कळदा दोनपैकी एका जागेवरून येतो, आणि त्या दोन जागा एकाच छोट्या तुकड्यात अगदी शेजारी शेजारी असल्यामुळे भलीभली माणसं त्यात गोंधळतात.

तो तुकडा म्हणजे फ्लँज. प्रत्येक हॅमर (तारांवर आपटून स्वर काढणारी हातोडी) एका फ्लँजवर फिरतो, दाराच्या बिजागरीसारखं समजा. फ्लँज स्क्रूने रेलवर (अ‍ॅक्शनमधल्या आडव्या पट्टीवर) आवळलेला असतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची सेंटर पिन असते, ती कापडाच्या बारीक बुशिंगमध्ये (भोकातल्या अस्तरात) फिरते. स्क्रू सैल झाला तर अख्खा फ्लँज रेलवर हलतो, लाकडावर लाकूड आपटतं. बुशिंग झिजलं तर फ्लँज जागेवर घट्ट असतो पण पिन आतल्या आत खेळते. कानाला दोन्ही आवाज जवळपास सारखेच, नुसत्या कानावर विसंबून निदान करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाज अ‍ॅक्शनचाच आहे ना हे मात्र आधी पक्कं करा. त्या स्वराच्या तारांवर कापडाची घडी दाबून धरा (उघडं बोट नको, घामाने तारा गंजतात) आणि की नेहमीच्या जोराने वाजवा. टक् तसाच राहिला तर तो अ‍ॅक्शनमधला. आणि टक् नसून झर्रर्र असा आवाज असेल, आणि तारा दाबल्यावर तो बंद होत असेल, तर पियानोवर ठेवलेली फोटोफ्रेम, झाकणाची बिजागरी, सैल पॅनल असलं काहीतरी स्वराबरोबर थरथरतंय, अ‍ॅक्शन उघडायची गरजच नाही.

आता मुख्य परीक्षा. अपराईट (उभा पियानो) असेल तर वरचं झाकण उघडून पुढचं पॅनल काढा, हॅमर समोरच दिसतात. संशय असलेल्या हॅमरचं डोकं दोन बोटांत धरून अगदी हलकेच डावी-उजवीकडे हलवा, पण नजर डोक्यावर नको, खाली फ्लँजवर ठेवा, टॉर्च लावा हवं तर. हॅमरबरोबर फ्लँजसुद्धा रेलवर हलतोय? मग स्क्रू. फ्लँज ढिम्म आणि हॅमर तेवढा त्याच्यात डुगडुगतोय? मग पिन. शेजारचा चांगला हॅमरही हलवून बघा म्हणजे किती हालचाल नॉर्मल आहे ते हाताला कळतं. अजून एक खूण म्हणजे स्क्रू सैल असला की हॅमर बऱ्याचदा एका बाजूला सरकलेला असतो, शेजाऱ्याला घासतो किंवा तीनपैकी दोनच तारांवर पडतो.

सीझनही विचारात घ्या. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि एकाच वेळी खूप स्क्रू ढिले पडतात, त्यामुळे काल-परवापर्यंत शांत असलेल्या पियानोत अचानक बऱ्याच की टकटकायला लागल्या तर मी आधी स्क्रूवरच संशय घेईन. बुशिंग मात्र वर्षानुवर्षं झिजतं आणि जास्त वाजणाऱ्या मधल्या कीजवर आधी दिसतं. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवली तर स्क्रूचा त्रास बराच कमी होतो.

स्क्रूचा उपाय सोपाय. बरोबर मापाचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, हॅमर तारांसमोर सरळ धरायचा आणि स्क्रू घट्ट लागेपर्यंतच फिरवायचा, पुढे जोर लावला की लाकडातले आटे जातात आणि मग साधं काम अवघड होऊन बसतं. ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) यासाठी अख्खी अ‍ॅक्शन बाहेर ओढावी लागते आणि ओढताना एकही की दाबली गेली तर हॅमर वर उठून अडकतो, शँक (हॅमरची दांडी) मोडते. ते टेक्निशियनलाच करू द्या.

पिनला आवळून काही होत नाही. जुनी पिन काढून बुशिंग साफ करून किंचित जाड पिन बसवतात, आणि कापडच संपलेलं असेल तर बुशिंग नवीन. हाताचा अंदाज लागतो यात, कारण जास्त घट्ट झाली तर हॅमर सुस्त होतो, की वर यायला उशीर लावते. आणि कृपा करून तिथे तेल किंवा स्प्रे मारू नका, आवाज चार दिवस दबेलही पण कापड तेल पिऊन धूळ धरतं आणि पुढची दुरुस्ती वाढते.

दोन्ही घट्ट निघाले आणि तरी टक् येतोय तर हॅमरचं डोकं शँकवर सुटलंय का बघा, शँक धरून डोकं अलगद पिळलं की कळतं, तिथे सुकलेला ग्लू काढून परत चिकटवावं लागतं. टेक्निशियनला बोलवायच्या आधी डावीकडून मोजून कुठल्या नंबरच्या की टकटकतायत (१ ते ८८) त्याची यादी कागदावर लिहून ठेवा, आणि फ्लँज हलतो की पिन, तेही प्रत्येकीसमोर लिहा.