डावखुरा रिंकू आणि मायनर लीगची शिडी: थोडी पार्श्वभूमी

रिंकू सिंग म्हटलं की आता बहुतेकांना केकेआरचाच आठवतो, 9 एप्रिल 2023 ला यश दयालच्या शेवटच्या ओव्हरला सलग पाच सिक्स मारणारा. रेसलिंग बघणाऱ्या पोरांना दुसराच आठवतो, काळे कपडे आणि कपाळावर गंधाचे पट्टे घेऊन डब्ल्यूडब्ल्यूईत उतरणारा वीर महान. या वीर महानचं खरं नाव रिंकू सिंग राजपूत, हाही यूपीचाच, हाही डावखुराच, आणि रिंगमध्ये जायच्या आधी काही वर्षं अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल क्लबच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू तयार करायच्या लीग) पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता. त्याच्यावर डिस्नेने 2014 ला सिनेमा पण काढला, पण तो सिनेमा करार झाला की संपतो आणि मला विचाराल तर खरी गोष्ट सुरूच तिथून होते, म्हणून हे जरा मागे जाऊन लिहितोय.

तर भदोहीकडचं गोपीगंज. वडील ट्रक चालवायचे, घरात नऊ भावंडं. रिंकू भालाफेक करायचा, त्याच जोरावर लखनौच्या गुरु गोबिंद सिंग स्पोर्ट्स कॉलेजात गेला. 2008 ला जे. बी. बर्नस्टीन नावाचा अमेरिकन स्पोर्ट्स एजंट आणि त्याचे पार्टनर भारतात मिलियन डॉलर आर्म नावाची स्पर्धा घेऊन आले, त्यांचा हिशोब साधा होता, की एवढ्या मोठ्या देशात जोरात फेकणारा एखादा तरी हात सापडेलच. हजारो पोरांनी फेकून बघितलं. रिंकूने ताशी 87 मैल, म्हणजे आपल्या भाषेत 140 किमीने बॉल टाकून एक लाख डॉलर जिंकले. नावातले दहा लाख कुणाच्याच हाती लागले नाहीत. दुसरा आला दिनेश पटेल, वाराणसीकडचा, उजव्या हाताचा, तोही भालावालाच.

गंमत म्हणजे त्यांनी शोधले होते क्रिकेटचे फास्ट बॉलर आणि सापडले भाला फेकणारे. नीट विचार केला तर हे बरोबरच आहे. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवायची सवय लहानपणापासून हाडात मुरलेली असते, 15 डिग्रीच्या वर वाकवून सरळ केलं की चकिंग, आणि पिचरचं तर सगळं कामच कोपर वाकवून हात फटकारण्यावर. शिवाय रनअप नाही, दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर एका पायावर तोल सांभाळायचा आणि 60 फूट 6 इंचावरच्या होमप्लेटवरून (बॅट्समनसमोरची जमिनीवरची पाटी), बॅट्समनच्या गुडघा ते छाती एवढ्याच पट्ट्यातून बॉल काढायचा. टप्पा पडून बॉल काहीतरी करेल ही सोयच नाही, जे करायचं ते हवेत.

डावखुरा असणं इथे फार मोठी गोष्ट. जगात डावखुरे दहातला एक, पण मेजर लीगच्या पिचरांमध्ये साधारण चारातला एक. कारण डावखुऱ्या बॅट्समनला डावखुऱ्या पिचरचा स्लायडर (हवेत बाजूला वळणारा बॉल) लांब पळताना दिसतो, आणि माउंडवर उभं राहिल्यावर डावखुऱ्याचं तोंड फर्स्ट बेसकडेच असतं त्यामुळे तिथला रनर पुढचा बेस चोरायला, म्हणजे बॉल पडताना पळून गाठायला, बिचकतो. म्हणून स्काउट लोक (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) डावखुऱ्याला वेगात दोन-तीन मैल माफ करतात, आणि उजव्या हाताच्या पोराला जेवढा वेळ मिळतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ देतात.

पण वेळ देण्याचा इतिहासही बघण्यासारखा आहे. ही खालच्या लीगांची शिडी, फार्म सिस्टीम, 1920च्या दशकात ब्रँच रिकीने सेंट लुई कार्डिनल्ससाठी उभी केली, विकत घेण्याऐवजी खेळाडू आपल्याच छोट्या क्लबांमध्ये पिकवायचे (हाच रिकी पुढे 1950 ते 55 पायरेट्सचा जनरल मॅनेजर होता, आणि त्याच्या आधी डॉजर्स क्लबमध्ये जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे आधुनिक मेजर लीगच्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, आणणाराही हाच). त्या शिडीवर सगळ्यात जास्त किस्से कुणाचे असतील तर स्टीव्ह डाल्कोव्स्कीचे. बाल्टिमोर ओरिओल्स क्लबचा डावखुरा पिचर, उंची बेताची, वेग इतका की बघितलेले लोक आयुष्यभर तेच सांगत राहिले, आणि बॉल कुठे जाईल हे त्याला स्वतःला माहीत नाही. 1957 ला किंग्सपोर्टच्या खालच्या क्लबात 62 इनिंगमध्ये 121 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅट्समन बाद) आणि 129 वॉक (चार बॉल पट्ट्याबाहेर गेले की बॅट्समनला फुकट फर्स्ट बेस)! 1960 ला स्टॉकटनला 262 स्ट्राइकआउट आणि वॉक पण बरोब्बर 262. मग 1962 ला एल्मायराला अर्ल वीव्हर मॅनेजर मिळाला, त्याने कोचिंगचा भडिमार बंद करून गोष्टी सोप्या केल्या, वॉक 160 इनिंगमध्ये 114 वर आले, आणि आता हा वर जाणार असं वाटत असतानाच मार्च 1963 ला स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सीझनच्या आधीच्या सराव शिबिरात, कोपर गेलं. मेजर लीगमध्ये एक बॉल टाकला नाही माणसाने.

याच्या अगदी उलट डॉजर्सचा डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स. तेव्हाच्या बोनस नियमामुळे मोठी रक्कम घेतलेल्या पोराला दोन वर्षं खाली पाठवताच यायचं नाही, त्यामुळे तो मायनरमध्ये कधी खेळलाच नाही, जे शिकला ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेजर लीगमध्ये शिकला. 1955 ते 60 त्याचा हिशोब 36 विजय 40 पराभव (बेसबॉलमध्ये मॅचचा विजय-पराभव एका पिचरच्या नावावर लागतो), आणि 1962 पासून 66 पर्यंत सलग पाच वर्षं लीगमधला सगळ्यात कमी ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरने दिलेले रन. दुसरा डावखुरा पिचर रँडी जॉन्सनही बघा, 1990, 91, 92 तिन्ही वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त वॉक त्याचेच. म्हणजे डावा हात उशिरा ताळ्यावर येतो असं बेसबॉलवाले म्हणतात ते उगाच नाही, अर्थात त्यातला किती भाग हाताचा आणि किती भाग मिळालेल्या वेळेचा हे कुणी सांगावं. उजव्या हाताच्या किती पोरांना तेवढं थांबून बघितलं असतं?

रिंकूकडे परत येतो. 2008 ला दोघांना लॉस एंजेलिसला यूएससी विद्यापीठात पिचिंग कोच टॉम हाउसकडे सोपवलं. हा माणूस नामांकित पिचर नोलन रायनचा कोच म्हणून ओळखला जातो, पण स्वतः डावखुरा रिलीव्हर (मॅचच्या मध्यात येणारा पिचर) होता आणि 8 एप्रिल 1974 ला हँक आरनने बेब रुथचा विक्रम मोडणारा 715वा होमरन मारला तो बॉल बुलपेनमध्ये (राखीव पिचर वॉर्मअप करतात ती जागा) झेलणारा हाच. त्याच्याकडे दोन पोरं आली ज्यांनी त्याआधी ग्लोव्ह पण घातला नव्हता आणि इंग्रजी पण येत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात स्काउट लोकांपुढे ट्रायआउट झाली आणि 24 नोव्हेंबर 2008 ला पायरेट्सने दोघांना घेतलं. अमेरिकन मेजर लीगच्या क्लबशी करार करणारे हे पहिले भारतीय.

सिनेमा साधारण इथे संपतो. पुढे फ्लोरिडाचं ब्रेडेंटन, उकाडा, सकाळच्या ड्रिल, जवळपास प्रेक्षक नसलेलं मैदान. 4 जुलै 2009 ला गल्फ कोस्ट लीग या शिडीच्या तळाकडच्या लीगमध्ये पहिली मॅच, 13 जुलैला पहिला विजय, तोही कुठल्याही भारतीयाचा तिथल्या प्रोफेशनल बेसबॉलमधला पहिलाच. त्या सीझनचा ईआरए 5.84, म्हणजे दर नऊ इनिंगला जवळपास सहा रन. पुढच्या वर्षी तिथेच 2.61. 2010 च्या शेवटी दिनेशला सोडून दिलं, तो भारतात परत आला. रिंकू राहिला. 2011 ला एकाच वर्षात डॉमिनिकन समर लीग, मग पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज, मग वेस्ट व्हर्जिनिया पॉवर, आणि अमेरिकेत थंडी पडली की ऑस्ट्रेलियात कॅनबेरा कॅव्हलरीकडून. जिथे बॉल मिळेल तिथे जाऊन टाकायचा, कारण बाकीच्यांनी बारा-पंधरा वर्षं टाकून हातात मुरवलेलं याला तीन वर्षांत मुरवायचं होतं, घरात उशिरा आलेल्या पाहुण्याने पंगतीत बसून भरभर जेवावं तसं.

2012 हे त्याचं वर्ष. वेस्ट व्हर्जिनिया, लो-ए, रिलीव्हर म्हणून 39 मॅच, 72 इनिंग, 65 स्ट्राइकआउट, ईआरए बरोबर 3.00. मला हे आकडे सिनेमापेक्षा भारी वाटतात, चार वर्षांपूर्वी ज्याने बॉल पकडला नव्हता तो रोज मॅच खेळणाऱ्या लीगमध्ये टिकून होता. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. लो-ए म्हणजे शिडीची खालची पायरी, त्याच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. तिथली बहुतेक पोरं 21-22 ची आणि रिंकू 24 ला टेकलेला. डॉमिनिकन पोरं 16-17 ला करार करतात, म्हणजे तेवढ्या वयात ती पाच-सहा वर्षं पुढे असतात. क्लब लोक ईआरएच्या शेजारी वय लिहून मगच आकडा वाचतात.

आणि मग कोपर. 2013, 14, 15 तिन्ही सीझन दुखापतीत आणि त्यातून सावरण्यात गेले, ऑपरेशन झालं. डाल्कोव्स्कीच्या काळात उपायच नव्हता, 25 सप्टेंबर 1974 ला डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडचा टेंडन बसवला (तोही डावखुराच), तो 1976 ला परत आला, 1989 पर्यंत खेळला आणि 288 पैकी 164 विजय ऑपरेशननंतरचे. तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की कोपर दुरुस्त होतं म्हणजे झालं. होतंही, पण सव्वा-दीड वर्ष जातं, आणि 18 वर्षांच्या पोराकडे दीड वर्ष असतं, 25 च्या पुढच्या पोराकडे नसतं, उशिरा सुरू करणाऱ्याकडे तर अजिबातच नसतं. 2018 च्या जानेवारीत रिंकूने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला.

त्यानंतर शिडीच बदलली. 2020 पासून मेजर लीगमध्ये आलेल्या पिचरने किमान तीन बॅट्समनना टाकलंच पाहिजे (किंवा इनिंग संपवली पाहिजे) असा नियम आला, त्यामुळे फक्त एका डावखुऱ्या बॅट्समनपुरता येऊन जाणारा लेफ्टी, जी रिंकूसारख्यांची वर जायची सगळ्यात जवळची वाट होती, ती जागाच जवळपास गेली. 2021 ला मायनर लीगचे क्लब 160 वरून 120 वर आणले, त्यात स्टेट कॉलेज आणि वेस्ट व्हर्जिनिया दोन्ही बाहेर पडले, गल्फ कोस्ट लीगचं नाव पण बदललं. पगाराचं म्हणाल तर 2022 ला मायनरचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि 2023 च्या करारात सगळ्यात खालच्या पातळीचा वर्षाचा किमान पगार 4,800 वरून 19,800 डॉलर झाला, लो-एचा 11,000 वरून 26,200. रिंकू हे सगळं व्हायच्या आधीच्या मायनरमध्ये खेळून गेला.