कृष्णाकाठचा पूर: अंदाज हाती असताना कोयनेचे पाणी कधी सोडायचे?

नदीच्या पुराचा शास्त्रशुद्ध अंदाज देण्याचे काम देशात १९५८ मध्ये दिल्लीच्या यमुनेवर सुरू झाले. कृष्णाकाठच्या वादात मात्र अंदाजाला महत्त्व आले ते २००५ नंतर. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फूट ८ इंचांवर गेले आणि हाच आकडा लोकांच्या डोक्यात बसला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इशारे मिळूनही अनेक कुटुंबे घरातच थांबली. २००५ सालाला उंबऱ्याला लागले नाही, ते आता कुठले येतेय, हा हिशेब. पाणी ५७ फूट ६ इंचांपर्यंत चढले.

पूर ओसरल्यावर पूरग्रस्तांची एक मागणी जोर धरू लागली: जुलैअखेर धरणे निम्मीच भरा, मोठ्या पावसाचा अंदाज आला की आधीच पाणी सोडा. ऐकायला सरळ आहे. अडचण कृष्णेच्या उपनदीवरील, सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या बांधणीतच आहे. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). साठा साधारण ७३ टीएमसीच्या वर गेल्याशिवाय पाणी सांडव्याच्या वक्र दरवाजांना लागतच नाही. त्याखाली असेपर्यंत पूर्वेकडे, नदीत, मुख्य वाट पायथा वीजगृहाची, आणि तिथून सुटते जेमतेम २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट). म्हणजे निम्मे धरण आणखी रिकामे करायचे म्हटले तरी नदीच्या बाजूने ते दरवाजांतून होत नाही. पश्चिमेला वीजनिर्मिती करून पाणी वाशिष्ठी नदीत सोडता येते, पण तिथे चिपळूण आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा कोयनेच्या अवजलावरूनही, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावरूनही, आरोप झालेच. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

खरा कस लागतो तो साठा ७३ ते १०५ टीएमसीच्या दरम्यान असताना. अंदाज सांगतो, घाटमाथ्यावर अतिवृष्टी. दरवाजे आज उचलले तर पुढच्या पाण्याला जागा होते. न उचलता धरण भरत गेले, तर ऐन पुरात मोठा विसर्ग करावा लागतो. आणि उचलल्यावर पाऊस हुकला तर? कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला जाते. उरलेल्यावर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची, म्हणजे आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या रब्बीची भिस्त आहे. २०२३ मध्ये धरण पूर्ण भरलेच नाही. त्या हिवाळ्यात सांगलीजवळ नदीपात्र कोरडे पडले आणि पाणी सोडण्यावरून सातारा-सांगलीच्या पुढाऱ्यांत जुंपली. पूर आणि दुष्काळ, दोन्ही एकाच जिल्ह्याचे.

म्हणून दरवाज्याशी बसलेला अभियंता शक्यतो थांबतो. धरण रिकामे राहिले तर जाब त्याला एकट्याला द्यावा लागतो, पुराचे खापर मात्र पावसावर फोडता येते. हे बोलून दाखवायला कोणी तयार नसते. चुकलेल्या अंदाजाचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरल्याशिवाय अंदाज कितीही सुधारला तरी दरवाजे उचलायला हात धजावणार नाही.

लोकांच्या बाजूनेही खर्च असतोच. इशारा आला की म्हशी सोडायच्या, प्रापंचिक सामान माळ्यावर चढवायचे, पाहुण्यांकडे जायचे. पाणी दारात न येताच परतले की पुढच्या वेळी पाय जड होतात. तरी २०१९ च्या धड्याने २०२१ मध्ये लोक लवकर हलले, हे मान्य करावे लागेल.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा मुद्दा या सगळ्यावर स्वार होतो. २०१९ नंतरच्या अभ्यास समितीने सांगली-कोल्हापूरच्या पुराचा मुख्य दोष त्या धरणाला दिला नव्हता. तरी २०२५ मध्ये त्याची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करण्याचा विषय पुन्हा तापला आणि राज्याचा विरोध उभा राहिला तो पुराच्याच मुद्द्यावर. विरोधाला कारणे असतीलही. पण आंदोलनाच्या त्या गर्दीत कोयनेच्या दरवाजांची चर्चा पार मागे पडली, आणि निर्णय आपल्याच राज्यात घेता येतो तो तिथेच.